एक पिक्सेल, एक आर

१९७०-७१च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. पंचेचाळीस वर्षांत वाट्याला आलेले वावर तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उरले. याच काळात आकाशातून जमीन पाहणारी नजर किती बारीक झाली, तेही मोजून पाहू. जुलै १९७२मध्ये सुटलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमेतला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवर साधारण ८० मीटर लांब आणि तेवढाच रुंद होता. क्षेत्रफळ ६४ आर. २०१५मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने सोडलेल्या सेंटिनेल-२चा ठिपका १० मीटरचा आहे, म्हणजे बरोबर एक आर. धारणा सव्वातीन पटींनी आटली, ठिपका चौसष्ट पटींनी.

सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात ०.४०.०० असा आकडा असतो: हेक्टर, आर, चौरस मीटर. त्या गटाचा नकाशा सेंटिनेलच्या प्रतिमेवर ठेवला की चाळीस आरांचे चाळीस ठिपके होतात. गुंठ्यात मोजणाऱ्यांनाही हिशेब बदलावा लागत नाही, कारण गुंठा १०१ चौरस मीटरचा. अख्खा महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे ३०८ कोटी ठिपके. उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी हे सगळे ठिपके पुन्हा टिपते. एकूण १३ तरंगपट्ट्या, त्यांतल्या चार १० मीटरच्या आणि बाकीच्या २० किंवा ६० मीटरच्या. आणि या प्रतिमा कोणालाही फुकट मिळतात.

एवढी माहिती हाताशी आल्यावर तिच्यावर निर्णय होणारच. २०१६च्या दुष्काळ संहितेत पिकांच्या हिरवेपणाचा उपग्रही निर्देशांक दुष्काळाच्या निकषांत आला. साखरेचे अंदाज उपग्रहाच्या प्रतिमांवरून बांधले जातात. २०२३च्या खरिपापासून पंतप्रधान पीकविमा योजनेत उत्पादन ठरवतानाही तंत्रज्ञानाला वाटा मिळाला. माझे म्हणणे असे की उपग्रह हा क्षेत्राचा पक्का साक्षीदार आहे आणि उत्पादनाचा कच्चा. जिल्ह्याबद्दल तो जे सांगतो ते बहुतेक वेळा विश्वासाने घ्यावे. एका वावराबद्दल सांगतो ते जमिनीवर जाऊन तपासावे. ही रेघ कुठे ओढायची ते आकडेच दाखवतात.

बांधावरचे ठिपके

वीस आरांचे एक चौकोनी वावर घ्या, ४५ मीटर लांब, ४५ मीटर रुंद. कागदावर त्यात वीस ठिपके बसतात. पण उपग्रहाची जाळी बांध पाहून आखलेली नसते. कडेचे ठिपके निम्मे आपल्या वावरात, निम्मे शेजाऱ्याच्या किंवा बांधावरच्या बाभळीवर पडतात. पूर्णपणे आत बसणारे ठिपके काढायचे तर प्रत्येक बाजूतून एक ठिपका वजा करून गुणाकार करायचा: ३.५ गुणिले ३.५, म्हणजे सरासरी १२. वीसातले आठ गेले.

आता तेवढेच वीस आर, पण वाटणीत आलेली पट्टी: २० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब. आत पूर्ण बसणारे ठिपके सरासरी नऊ. कोकणातले दोन आरांचे भातखाचर, २० मीटर गुणिले १० मीटर? शून्य. त्या खाचराचा स्वतःचा असा एकही ठिपका उपग्रहाकडे नाही. जे दिसते ते खाचर, बांध आणि पलीकडचे गवत यांचे मिश्रण. पट्टी जाळीला तिरकी असेल तर हे आकडे आणखी घसरतात, आणि आपल्या पट्ट्या ओढ्याच्या आणि उताराच्या कलाने पडलेल्या असल्याने तिरक्याच असतात.

जाड ठिपक्याच्या उपग्रहांची अडचण याहून मोठी. लँडसॅटचा आजचा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे नऊ आर. वर घेतलेल्या चौकोनी वावरासारखी चार वावरे मिळून त्याला एक शुद्ध ठिपका मिळतो. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा ठिपका २३.५ मीटरचा, तिथे अशा वावराला सरासरी एकसुद्धा पूर्ण ठिपका येत नाही. लिस-४चा ५.८ मीटरचा ठिपका वावराला पुरेसा बारीक आहे, पण त्याची एका फेरीतली पट्टी ७० किलोमीटरची, तर सेंटिनेल-२ची २९०. बारीक पाहायचे तर एका वेळी थोडे दिसते, पुष्कळ पाहायचे तर जाड दिसते. दोन्ही हवे असेल तर जास्त उपग्रह लागतात, म्हणजे जास्त पैसा.

हे तंत्र मुळात मोठ्या शेतांसाठी घडले, हेही लक्षात ठेवायला हवे. १९७२मध्ये सोव्हिएत संघाचे गव्हाचे पीक फसले आणि त्याने अमेरिकी बाजारातून गुपचूप प्रचंड धान्य उचलले. दुसऱ्या देशाचे पीक आधी कळायला हवे, या गरजेतून १९७४ ते १९७७ या काळात अमेरिकेत नासा, कृषी खाते आणि हवामान खाते यांनी मिळून गव्हाचा मोठा प्रयोग केला. १९७७च्या सोव्हिएत पिकाचा त्यांचा अंदाज ९.१४ कोटी टन होता; सोव्हिएत संघाने नंतर जाहीर केलेला आकडा ९.२ कोटी टन. कझाकस्तानात एकेक शेत शेकडो एकरांचे, त्यात एकच पीक, आणि चुका देशभर विखुरल्या की एकमेकींना खोडून काढतात. या यशाची मोजपट्टी वीस आरांच्या पट्टीला लावता येत नाही.

भारताने सुरुवात मात्र छोट्या मापानेच केली होती. १९७०च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोती यांच्या पुढाकाराने केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागांची छायाचित्रे घेतली गेली आणि मूळमर रोग लागलेली झाडे त्यांत वेगळी उठून दिसली. एकेक झाड मोजण्याएवढी ती नजर जवळची होती. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए अवकाशात गेला तेव्हा त्याच्या दोन कॅमेऱ्यांचे ठिपके ७२.५ आणि ३६.२५ मीटरचे होते. झाडावरून नजर शिवारावर गेली. एप्रिल २०१२मध्ये दिल्लीच्या पुसा परिसरात महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र उभे राहिले आणि देशाचे पीक अंदाज तिथून नियमित निघू लागले.

हिरवे किती, दाणे किती

उपग्रह पिकात नेमके काय मोजतो? पान तांबडा प्रकाश अन्न तयार करायला शोषून घेते, आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. समजा निरोगी पिकावरून शंभरातला ५ भाग तांबडा प्रकाश परतला आणि ४५ भाग अवरक्त. दोन्हींची वजाबाकी ४०, बेरीज ५०, भागाकार ०.८. उघड्या काळ्या रानावरून तांबडा ८ आणि अवरक्त १२ परतला तर चार भागिले वीस, ०.२. हाच तो एनडीव्हीआय नावाचा हिरवेपणाचा निर्देशांक. उपग्रही शेतीची निम्मी इमारत या एका भागाकारावर उभी आहे.

सोयाबीनच्या एका वावराचा हा आकडा हंगामभर कसा चालतो ते पाहा. जूनमध्ये वाफसा येऊन पेरणी झाली तेव्हा ०.२च्या आसपास. पिकाने ओळी झाकायला सुरुवात केली की ०.४, ऑगस्टच्या मध्यावर ०.८ किंवा थोडे वर. शेंगा भरेपर्यंत तिथेच. मग पाने पिवळी पडून गळू लागतात, सप्टेंबरच्या अखेरीस आकडा ०.४वर येतो आणि कापणी झाली की पुन्हा ०.२. हा आलेख सोयाबीनची सहीच म्हणायचा. तूर १५० ते १८० दिवसांची, तिचा आलेख डिसेंबरपर्यंत वरच राहतो. कापसाचाही लांबतो. म्हणून एका दिवसाच्या प्रतिमेवरून पीक ओळखणे कठीण आणि सहा महिन्यांच्या प्रतिमांवरून बरेच सोपे. अडचण अशी की सोयाबीन आणि तूर यांतला फरक खात्रीने सांगायला ऑक्टोबर उजाडतो, तोवर विम्याचे अर्ज कधीच भरून झालेले असतात.

त्यातही विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन आणि तूर एकाच वावरात असतात. ओळींतले अंतर ४५ सेंटिमीटर धरले तर १० मीटरच्या ठिपक्यात बावीस ओळी बसतात, त्यांतल्या काही तुरीच्या. तो ठिपका सोयाबीन म्हणायचा की तूर? सप्टेंबरपर्यंत तो सोयाबीनसारखा वागतो, ऑक्टोबरनंतर विरळ तुरीसारखा. आंतरपीक ही कोरडवाहू शेतकऱ्याची विमा कंपनीहून जुनी सोय आहे, आणि वर्गीकरणाच्या बहुतेक पद्धतींना नेमकी तीच सोसत नाही.

अशा वर्गीकरणाबरोबर 'अचूकता ९० टक्के' असे छापलेले असते. त्या आकड्याच्या आत शिरायला हवे. शंभर वावरांत नव्वद सोयाबीनची आणि दहा तुरीची असतील, आणि संगणकाने डोळे मिटून सगळ्याच वावरांना सोयाबीन म्हटले, तर अचूकता नव्वद टक्केच येते. तुरीची अचूकता मात्र शून्य. एकूण अचूकता हा मोठ्या पिकाचा आकडा असतो, छोट्या पिकाचा शेतकरी त्यात दिसतही नाही. म्हणून अचूकता पीकवार मागितली पाहिजे: जमिनीवर तूर असलेल्या किती वावरांना प्रतिमेत तूर म्हटले गेले, आणि प्रतिमेत तूर म्हटलेल्यांपैकी किती वावरांत खरेच तूर होती.

मोठा प्रश्न दाण्यांचा आहे. उपग्रह पान पाहतो, दाणा पाहत नाही. पाने दाट झाली की निर्देशांक ०.८च्या वर गेल्यावर जवळजवळ थांबतो; त्यापुढे पीक आणखी जोमदार झाले तरी आकडा फारसा हलत नाही. सोयाबीन माजले, कमरेएवढे वाढले आणि शेंगाच धरल्या नाहीत, तर उपग्रहाला ते हंगामातले उत्तम वावर वाटेल. उलट बाजूनेही फसगत होते. २०२३मध्ये विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला, पाने वेळेआधी पिवळी झाली. हिरवेपणाच्या आलेखात रोग आणि पिकणे दोन्ही उतारासारखेच दिसतात. फरक एवढाच की रोगाचा उतार काही दिवस आधी सुरू होतो. पेरणीची तारीख ठाऊक असेल तर तो ओळखता येतो, नसेल तर लवकर पेरलेले वावर आणि रोगाने गेलेले वावर यांत गल्लत होते. आणि परतीच्या पावसात सोयाबीनची सुडी भिजून दाण्याला कोंब फुटले, तर ते नुकसान कुठल्याच ठिपक्यात उतरत नाही. पीक तेव्हा वावरातून निघालेले असते, पदरात पडलेले नसते.

ढगांचा हिशेबही मांडू. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस. पाच दिवसांच्या फेरीने सेंटिनेल-२ची २४ चित्रे व्हायला हवीत. उपग्रह सकाळी अकराच्या सुमारास डोक्यावरून जातो आणि त्या क्षणी ढग असले तर चित्र ढगांचेच येते. चारांतली तीन चित्रे अशी वाया गेली तर उरतात सहा, आणि ती सहाही बहुधा जूनच्या सुरुवातीची आणि सप्टेंबरच्या अखेरची. जुलै-ऑगस्ट, जिथे पीक घडते किंवा बिघडते, ते कोरेच राहतात. यावर उपाय रडारचा. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची लहर सुमारे ५.६ सेंटिमीटरची, ती ढगांतून आरपार जाते आणि तिला दिवस-रात्र सारखीच. भातासाठी ती फारच उपयोगी. लावणीच्या वेळी खाचरात पाणी असते, पाण्यावरून लहर पुढे निघून जाते आणि खाचर काळे दिसते. रोप वाढेल तसे ते उजळत जाते. काळ्यावरून उजळ होण्याचा हा क्रम दुसऱ्या पिकाला नसतो. सोयाबीन-कापसात रडारचे काम इतके सोपे नाही, कारण ओली माती, ओळींची दिशा आणि पाने सगळीच त्या लहरीत मिसळतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या इस्रो-नासाच्या निसार उपग्रहाकडून म्हणूनच आशा आहे. त्याची एक लहर २४ सेंटिमीटरची, दुसरी सुमारे ९ सेंटिमीटरची. लांब लहर पानांतून खाली, खोडापर्यंत आणि मातीपर्यंत उतरते. त्याच वाटेने तो दर बारा दिवसांनी परत येतो.

उसाचे तीन हंगाम

क्षेत्र पक्के आणि उत्पादन कच्चे, हे महाराष्ट्रातल्या उसाइतके स्वच्छ कुठे दिसत नाही. ऊस उपग्रहाला सोपा. मे-जूनमध्ये बाकीचे शिवार उघडे असते तेव्हा उसाचे फड हिरवे उभे असतात. सुरू ऊस वर्षभराचा, अडसाली दीड वर्षाचा, खोडवाही जवळपास वर्षाचा. एवढ्या काळात ढगांतून सुटलेली चित्रे पुरेशी मिळतात. साखर कारखानदारांची इस्मा ही संघटना जूनच्या उत्तरार्धातल्या प्रतिमा घेऊन जुलैच्या आसपास पहिला अंदाज देते.

२०२०च्या जुलैत इस्माने सांगितले की महाराष्ट्रातले उसाचे क्षेत्र ७.७६ लाख हेक्टरांवरून ११.१२ लाख हेक्टरांवर गेले आहे, ४३ टक्के वाढ. आदल्या वर्षी दुष्काळ आणि पाठोपाठ कोल्हापूर-सांगलीचा महापूर झाल्याने क्षेत्र आक्रसले होते. एवढी मोठी उसळी गाळप सुरू होण्याआधी चार महिने कळली. साखरेचा अंदाज सुमारे १०१ लाख टनांचा होता, प्रत्यक्षात १०६ लाख टन झाली. हा उपग्रहाचा विजय आहे आणि तो मोकळ्या मनाने मान्य करायला हवा.

पुढच्या हंगामात क्षेत्र १२.७५ लाख हेक्टर धरून अंदाज आला सुमारे १२१ लाख टन साखरेचा. झाली १३७ लाख टन. १३ टक्क्यांचा हा फरकही खरा पूर्ण नाही, कारण अंदाजात इथेनॉलकडे वळणारी साखर वजा केलेली नव्हती आणि प्रत्यक्ष आकडा ती वजा करून उरलेला आहे. दोन चांगल्या पावसांनी एकरी उतारा वाढला होता आणि मराठवाड्यात कारखान्यांकडे नोंद नसलेला ऊस मोठ्या प्रमाणात उभा होता. एकरी ३० टनांचा फड आणि ६० टनांचा फड वरून जवळपास सारखेच हिरवे दिसतात. या चुकीची किंमत बीड, जालना, लातूरच्या शेतकऱ्यांनी मोजली. जून उजाडला तरी फडात ऊस उभा होता, तुरे येऊन वजन घटत होते, तोडणीच्या टोळ्या मिळत नव्हत्या. सरकारला १ मे २०२२नंतर गाळलेल्या उसाला टनामागे २०० रुपये आणि ५० किलोमीटरपुढच्या वाहतुकीला किलोमीटरमागे ५ रुपये अनुदान द्यावे लागले.

२०२३-२४मध्ये उलटे झाले. ऑगस्ट २०२३ कोरडा गेला, फड सुकलेले दिसले, राज्याच्या साखरेचा अंदाज ९० लाख टनांच्या आसपास आला. अशाच धास्तीत ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. नंतरच्या अवकाळी पावसाने ऊस सावरला आणि हंगामअखेर साखर ११० लाख टन झाली. तो अंदाज काही एकट्या उपग्रहाचा नव्हता. पण डोळ्यांना सुकलेला दिसणारा ऊस दोन महिन्यांत किती वजन धरेल, हे उपग्रहालाही सांगता येत नाही आणि माणसालाही, हे त्यातून दिसले.

भरपाईचे गणित

पीकविम्यात उत्पादन पारंपरिक पद्धतीने कापणी प्रयोगातून ठरते. साधारण ५ मीटर गुणिले ५ मीटरचा तुकडा आखायचा, पीक कापायचे, मळणी करून दाणे तोलायचे. महसूल मंडळात एका पिकाचे किमान दहा प्रयोग. म्हणजे २५० चौरस मीटर, अडीच आर. मंडळात ५,००० हेक्टर सोयाबीन असेल तर ते पाच लाख आर; त्यातले अडीच आर कापून सगळ्यांचे नशीब ठरते. दोन लाखांत एक. उपग्रह पाचही लाख आर पाहतो, पण एकाही आरातला दाणा त्याला दिसत नाही. दोन्ही साक्षी अपुऱ्या आहेत आणि एकमेकींच्या उणिवा भरून काढू शकतात. म्हणून त्यांची सांगड घालण्याच्या कल्पनेला माझा विरोध नाही. सांगड कशी घालतात, याची मात्र काळजी वाटते.

केंद्राच्या पद्धतीत २०२३च्या खरिपापासून भात आणि गहू, पुढे सोयाबीन, यांच्या उत्पादनात तंत्रज्ञानाच्या आकड्याला किमान ३० टक्के भारांक आहे. एक उदाहरण मांडतो, आकडे सोयीसाठी धरलेले. उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेले की भरपाई मिळते ते, हेक्टरी १,५०० किलो. कापणी प्रयोगांत निघाले ९०० किलो. नुसत्या प्रयोगांवर भरपाई ४० टक्के. विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये असेल तर हेक्टरी २०,००० रुपये. आता उपग्रह आणि हवामानावरच्या प्रारूपाने पीक हिरवे पाहून १,३०० किलो म्हटले. ९०० चे सत्तर टक्के ६३०, १,३०० चे तीस टक्के ३९०, मिळून १,०२० किलो. भरपाई ३२ टक्के, म्हणजे १६,००० रुपये. हेक्टरी ४,००० रुपये एका आकड्याने हलले. भारांक ५० टक्के केला तर मिश्र उत्पादन १,१०० किलो आणि भरपाई १३,३३३ रुपये. प्रारूपाने कमी उत्पादन सांगितले असते तर हाच हिशेब शेतकऱ्याच्या बाजूने झुकला असता. पण शेंगा न धरलेले सोयाबीन, भिजलेली सुडी, उशिरा आलेला मोझॅक ही आपल्याकडची नेहमीची नुकसाने उपग्रहाला चांगले पीक म्हणून दिसणारी आहेत. चूक दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाईल, असे गृहीत धरता येत नाही.

२०२५च्या खरिपापासून राज्याने एक रुपयातला विमा बंद केला आणि भरपाई मंडळाच्या उत्पादनावर आणली. त्यामुळे या एका आकड्याचे वजन आणखी वाढले. माझ्या मते उपग्रहाचे सर्वांत मोलाचे काम भारांकात नाही, प्रयोगाची जागा निवडण्यात आहे. मंडळातली वावरे हिरवेपणाच्या आलेखावरून चांगली, मध्यम आणि वाईट अशी गटांत पाडावीत आणि दहा प्रयोग त्या प्रमाणात वाटावेत. मग रस्त्याकडेच्या, पोहोचायला सोयीच्या वावरांतच कोयता लागणार नाही, आणि तराजूवर दाणेच राहतील.

वेळ आणि नाव

उपग्रहाच्या आकड्याला वेळ चिकटलेली असते, ती विसरली की काय होते ते पंजाबात दिसते. तिथे भाताचे पाचट जाळण्याच्या नोंदी २०२१मध्ये ७१,३०४ होत्या, २०२४मध्ये १०,९०९. घट ८५ टक्के. मुख्य नोंदी करणारे उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास वरून जातात. २०२४च्या हंगामात एकाच जागी स्थिर राहणाऱ्या कोरियन उपग्रहाच्या प्रतिमांत दुपारनंतरचा धूर वाढलेला दिसला आणि आगी उशिरा लावल्या जात असल्याची शंका शास्त्रज्ञांनी बोलून दाखवली. आगी खरोखर कमी झाल्या का, याचे उत्तर जळालेले क्षेत्र मोजूनच मिळते. दुपारच्या दीडची हजेरी त्याला पुरत नाही.

जमीनवापराच्या नकाशात प्रश्न नावाचा आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर १० टक्क्यांहून जास्त झाडांचे छत्र असले की ते वनावरण, मग मालकी कोणाचीही असो. २०२१च्या अहवालात महाराष्ट्राचे वनावरण ५०,७९८ चौरस किलोमीटर, म्हणजे १६.५१ टक्के आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात, गोव्याच्या सीमेलगत, जुने जंगल तोडून रबर लावले तरी रबराचे छत्र वाढले की तो तुकडा पुन्हा वनावरणात जमा होतो. २३.५ मीटरच्या ठिपक्याला दोन्ही हिरवी. हत्तींना, धनेशाला आणि झऱ्यांना दोन्ही सारखी नाहीत.

माळरानाचे याच्या उलट. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात २०१५-१६ साली ५.५७६ कोटी हेक्टर, म्हणजे १६.९६ टक्के भूभाग, २३ प्रकारच्या पडीक जमिनींत टाकलेला आहे. खुरट्या झुडपांची माळरानेही त्यातच येतात. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरचे गवताळ माळ उन्हाळी प्रतिमेत तांबूस-करडे आणि रिकामे दिसतात. पावसाळ्यात त्याच माळावर धनगरांची मेंढरे चरतात, लांडगे राहतात, नान्नजच्या बाजूला कधीकाळी माळढोक नाचायचा. ठिपका चुकलेला नाही, त्याचा करडा रंग खराच आहे. 'पडीक' हे नाव माणसाने दिले, आणि सौर प्रकल्पांना किंवा वृक्षलागवडीला जागा शोधताना पहिले बोट याच नावावर पडते. एका गवताळ माळावर गिरिपुष्प लावून हिरवेपणा वाढवला तर निर्देशांक सुधारतो आणि कुरण जाते.

हे सगळे सुधारण्याची सामग्री महाराष्ट्राकडे इतरांपेक्षा जास्त आहे. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकरी स्वतः वावरात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. उपग्रहाच्या वर्गीकरणाला लागतो तो जमिनीवरचा पुरावा हाच, आणि तो आंतरपिकासकट मिळतो. नागपूरचे सुदूर संवेदन केंद्र आणि कृषी खाते या नोंदींतला एक हिस्सा शिकवणीसाठी आणि दुसरा, न दाखवलेला हिस्सा परीक्षेसाठी ठेवू शकतात. फोटो घाईत काढलेले असतात, काही नोंदी चुकीच्या असतात, हे खरे. तरी लाखो नोंदींतून चुकीच्या गाळता येतात, शेकड्यांतून येत नाहीत.

आणि भरपाई ठरण्याआधी मंडळवार चार आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवेत: हंगामात ढगांविना मिळालेल्या चित्रांच्या तारखा, त्या पिकाची स्वतंत्र अचूकता, कापणी प्रयोगांचे उत्पादन आणि प्रारूपाचे उत्पादन. शेवटचे दोन वेगवेगळे, मिसळण्याआधीचे. ज्या मंडळात त्या दोहोंत २५ टक्क्यांहून जास्त तफावत आहे, तिथे भारांक लावण्याऐवजी आणखी दहा प्रयोग घ्यावेत, आणि ते पीक उभे असतानाच. मळणी झाल्यावर तपासायला वावरात काही उरत नाही.